अमेरिकेत गन बाळगताना कुठे गुन्हा होतो, आणि केस लागलीच तर काय करायचं

मंडळी, आधी स्वतःचा व्हिसा बघायचा, मग आपण कुठल्या राज्यात उभे आहोत ते बघायचं, आणि कुठली पिस्तूल भारी वगैरे गप्पा सगळ्यात शेवटी. आपल्या लोकांचं नेमकं उलटं होतं. डॅलसचा मित्र म्हणतो इथे लायसन्स लागतच नाही रे, तो रेंजवर घेऊन जातो, फोटो निघतात, फोटो ग्रुपवर येतात, आणि यात आपण फेडरल कायद्याच्या कुठल्या कलमात बसतो हे कोणी विचारतच नाही. मी वकील नाहीये, न्यू जर्सीत राहतो आणि या विषयात बरंच वाचलंय, त्यामुळे खालचं वाचून स्वतःची केस स्वतः लढायला जाऊ नका, पण वकिलाला काय विचारायचं एवढं तरी कळेल.

पहिला प्रश्न, तुम्ही कोण आहात

राज्याचा कायदा बाजूला ठेवा, त्याच्या वर एक फेडरल कायदा आहे आणि तो पन्नासही राज्यांत चालतो. त्यात काही लोकांना गन आणि गोळ्या दोन्ही बाळगायला सरळ बंदी आहे. एक वर्षापेक्षा जास्त शिक्षा होऊ शकते अशा गुन्ह्यात दोषी ठरलेले, घरगुती हिंसाचारात दोषी ठरलेले किंवा तशी कोर्टाची ऑर्डर अंगावर असलेले, ड्रग्ज घेणारे, स्टेटस संपूनही राहिलेले, आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नॉन इमिग्रंट म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर आलेले. म्हणजे एच वन (नोकरीवाले), एच फोर (त्यांचे नवरा, बायको, मुलं), एफ वन (विद्यार्थी), एल वन (कंपनीने बदलीवर आणलेले), आणि सहा महिन्यांसाठी आलेले आपले आईबाबा सुद्धा, सगळे यात आले. शिक्षा आधी १० वर्षांपर्यंत होती, २०२२ च्या कायद्याने ती १५ वर्षांपर्यंत नेली.

यात एक पळवाट कायद्यातच दिलेली आहे. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू असलेलं हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असेल तर ही व्हिसावाली बंदी लागू होत नाही. ऐकायला गंमत वाटते, पण खरंच तसं आहे. फक्त ते लायसन्स एक्सपायर झालं की संरक्षणही संपलं, आणि त्याने राज्याचा कायदा माफ होत नाही, न्यू जर्सीत किंवा न्यूयॉर्कमध्ये तिथलं परमिट वेगळं लागतंच.

आता रेंजचं. भाड्याने गन घेऊन तासभर कागदावर गोळ्या मारणं हेसुद्धा कायद्याच्या भाषेत बाळगणंच आहे, मालकी तुमची असायची गरज नाही. रेहैफ नावाची केस शोधून वाचा, एफ वनवर आलेल्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. फ्लोरिडात शिकायला आलेला एक विद्यार्थी, मार्क कमी पडले म्हणून युनिव्हर्सिटीने काढून टाकलं, स्टेटस गेलं, तरी तो तिथेच राहिला आणि रेंजवर जाऊन गन चालवली. तेवढ्यावर फेडरल केस. ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २०१९ मध्ये कोर्टाने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला की सरकारला नुसती गन दाखवून चालणार नाही, आपण बंदी असलेल्या गटात मोडतो हे त्या माणसाला माहीत होतं हेही सिद्ध करावं लागेल. हा बचाव आजही कामाचा आहे, पण एच वनवाल्याला आपण एच वनवर आहोत हे माहीत नव्हतं असं कोर्टात कोण मानणार, त्यामुळे त्यावर फार विसंबू नका.

ग्रीन कार्ड आलं की फेडरल कायद्यात तुम्ही गन घेऊ शकता. बॅकलॉगमध्ये अडकलेल्यांनी मात्र आता येईलच की कार्ड असं धरून चालायचं नाही. दुकानात घेताना जो ४४७३ नंबरचा फॉर्म भरतात त्यात व्हिसाचा प्रश्न आहे, गांजाचाही आहे, आणि खोटं लिहिणं हा स्वतंत्र फेडरल गुन्हा. गांजाचं खास सांगतो कारण न्यू जर्सीत तो दुकानात मिळतो म्हणून लोकांना वाटतं प्रश्न मिटला. राज्यात कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात तो अजून ड्रगच आहे आणि हे त्या फॉर्मवरच छापलेलं असतं. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षाच्या मुलाला, हंटर बायडनला, २०२४ मध्ये डेलावेअरमध्ये दोषी धरलं ते असल्याच फॉर्मवर ड्रग्जबद्दल खोटं लिहिलं म्हणून. त्याला वडिलांनी माफी दिली, आपल्याला कोण देणार.

घरात एक जण सिटीझन आणि एक जण व्हिसावर अशी जोडपी भरपूर आहेत. नवऱ्याची गन, बायको एच फोरवर, आणि गन बेडरूमच्या ड्रॉवरमध्ये. हे चालवायचं नाही. तिजोरी घ्या, किल्ली किंवा कोड फक्त मालकाकडे. दुसऱ्याच्या हाताला सहज येईल अशी गन असेल तर ती दोघांच्या ताब्यात आहे असं सरकारी वकील म्हणू शकतो. दुकानदारांनीही लक्षात ठेवा, काउंटरखाली ठेवलेली गन मालकाची आहे, मालकाला स्वतःच्या धंद्याच्या जागेत सूट असेल, ती सूट व्हिसावरच्या कामगाराला मिळत नाही.

दुसरा प्रश्न, तुम्ही कुठे आहात

इथे खरा घोळ आहे. ड्रायव्हिंग लायसन्स एका राज्याचं दुसऱ्यात चालतं तसं गनच्या परमिटचं होत नाही. २९ राज्यांत आता परमिटशिवाय गन जवळ ठेवता येते, आणि नदी ओलांडून पलीकडे गेलात की तीच गन साडेतीन वर्षांची जेल.

न्यू जर्सीपासून सुरू करतो कारण एडिसन, इसेलिन, जर्सी सिटी, पार्सिपनी इकडे आपली माणसं सगळ्यात जास्त. इथे कॅरी परमिट नसताना घराबाहेर पिस्तूल जवळ असणं हा सेकंड डिग्री क्राइम आहे, ५ ते १० वर्षं. त्यावर ग्रेव्ह्ज ॲक्ट नावाची भानगड आहे, त्यानुसार निदान ४२ महिने पॅरोलशिवाय काढायचे. गन रिकामी होती हा बचाव इथे नाही, भरलेली असो की रिकामी, कलम तेच. विकत घेतानाही फायरआर्म आयडी कार्ड लागतं आणि प्रत्येक पिस्तुलाला वेगळं परचेस परमिट लागतं, जे तुमच्या गावच्या पोलिसांकडून घ्यायचं. पूर्वी कॅरी परमिट सामान्य माणसाला मिळायचंच नाही, कारण तुम्हाला खास गरज आहे हे सिद्ध करावं लागायचं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ब्रुएन केसमध्ये न्यूयॉर्कचा तसलाच नियम उडवला, मग न्यू जर्सीनेही ती अट काढली. म्हणजे आता अर्ज केला तर मिळू शकतं, पण अर्ज करावा लागतो, आणि अर्ज न करता बाळगली तर ग्रेव्ह्ज ॲक्ट जसाच्या तसा उभा आहे.

न्यू जर्सीच्या अजून तीन गोष्टी, ज्यात चांगली शिकलेली माणसं अडकतात. एक, एअर गन. भारतात छोटी एअर गन लायसन्सशिवाय मिळते, त्यामुळे आपल्या डोक्यात ती खेळणंच. न्यू जर्सीत एअर पिस्तूल कायद्याने फायरआर्म आहे आणि परमिट नसताना जवळ असणं थर्ड डिग्री क्राइम आहे. पेनसिल्व्हेनियातल्या दुकानातून पोराच्या वाढदिवसाला एअर पिस्तूल आणणारा बाप नक्की काय करतोय हे त्याला माहीतच नसतं. दोन, होलो पॉइंट म्हणजे टोकाला पोकळी असलेल्या गोळ्या, घरात आणि रेंजवर चालतात, इतर ठिकाणी त्याच वेगळा गुन्हा. तीन, १० पेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिन, २०१८ पासून बंद.

२०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक एकटी आई अटलांटिक सिटीकडे गाडीने चालली होती, तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचं रीतसर परमिट होतं, पोलिसाने थांबवल्यावर तिने स्वतःहून सांगितलं माझ्याकडे गन आहे. झालं, अटक, आणि साडेतीन वर्षांची टांगती तलवार. देशभर बोंब झाली, मग राज्याच्या ॲटर्नी जनरलने २०१४ मध्ये सरकारी वकिलांना कळवलं की बाहेरच्या राज्यातून चुकून परमिटसह आलेल्यांना जरा वेगळं वागवा, तिला पीटीआयमध्ये, म्हणजे पहिल्यांदा सापडलेल्यांना खटल्याऐवजी देखरेखीखाली ठेवायच्या योजनेत, घेतलं आणि २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस्टीने माफी दिली. गव्हर्नरच्या माफीबद्दल एक कडू गोष्ट खाली सांगणारच आहे.

न्यूयॉर्कमध्ये तर घरात पिस्तूल ठेवायलाही लायसन्स लागतं आणि न्यूयॉर्क सिटीचं परत वेगळं. घराबाहेर लायसन्सशिवाय भरलेली गन म्हणजे साडेतीन ते पंधरा वर्षं. भरलेली याची व्याख्या बघा, गन बॅगेत रिकामी आणि चालणाऱ्या गोळ्या दुसऱ्या खिशात, तरी ती कायद्याने भरलेलीच. आणि गाडीचा नियम तर सगळ्यांनी पाठ करा. न्यूयॉर्कमध्ये गाडीत गन सापडली तर गाडीतल्या सगळ्यांच्या ताब्यात ती होती असं कायदा गृहीत धरतो. चार मित्र लेक जॉर्जला चाललेत, डॅशबोर्डच्या कप्प्यात एकाची गन, बाकी तिघांना पत्ताही नाही, चौघेही आत जाऊ शकतात. १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा नियम त्या केसपुरता तरी चालू ठेवला, त्यात तीन माणसं आणि एक १६ वर्षांची मुलगी होती आणि दोन मोठ्या गन त्या मुलीच्या हँडबॅगमध्ये दिसत होत्या. अपवाद आहेत, एखाद्याच्या अंगावर गन सापडली तर बाकीच्यांवर हे गृहीतक चालत नाही, आणि टॅक्सीवाल्यालाही सूट आहे. न्यू जर्सीतही गाडीबद्दल साधारण असंच गृहीतक आहे. म्हणून दुसऱ्याच्या गाडीत बसताना विचारायला लाजू नका.

बाकी राज्यं पटकन. मॅसॅच्युसेट्समध्ये लायसन्स नसताना घराबाहेर बाळगली तर किमान १८ महिने. इलिनॉयमध्ये राहणाऱ्याला गनच काय, गोळ्या ठेवायलाही फॉइड नावाचं कार्ड लागतं, १९६८ पासूनचा नियम. कॅलिफोर्नियात पिस्तूल गाडीतून न्यायचं तर रिकामं आणि डिकीत किंवा कुलपाच्या डब्यात, डॅशबोर्डच्या कप्प्याला कुलूप असलं तरी तो कप्पा चालत नाही. नेव्हाडातून येताना मोठ्या मॅगझिन आणू नका, राज्यात आणणं हाच गुन्हा आहे.

टेक्सासचं जरा नीट वाचा. १ सप्टेंबर २०२१ पासून तिथे २१ वर्षांवरच्या माणसाला परमिटशिवाय पिस्तूल जवळ ठेवता येतं हे खरं, पण त्याच कायद्यात आहे की फेडरल किंवा राज्याच्या कायद्याने बंदी नसलेला माणूस हवा. म्हणजे फिरून परत व्हिसावर आलो. शिवाय दारूची जास्त विक्री असलेल्या जागेत ५१ टक्के असा मोठ्ठा बोर्ड असतो, तिथे गन न्यायची नाही.

एका राज्यातून दुसऱ्यात नेताना

१९८६ चा फेडरल कायदा म्हणतो की निघायच्या आणि पोचायच्या दोन्ही ठिकाणी गन तुम्हाला कायदेशीर असेल तर मधल्या राज्यांतून नेता येते, मात्र गन रिकामी, गन आणि गोळ्या दोन्ही हाताला लागणार नाहीत अशा, म्हणजे डिकीत, आणि डिकी नसलेल्या गाडीत कुलपाच्या डब्यात. हे संरक्षण वाटतं तेवढं जाड नाहीये. युटाचा एक प्रवासी विमानाने पेनसिल्व्हेनियाला चालला होता, नेवार्कला पुढची फ्लाइट चुकली, बॅग परत हातात मिळाली आणि तो ती घेऊन रात्री हॉटेलात झोपला. सकाळी काउंटरवर नियमाप्रमाणे गन डिक्लेअर केली आणि तिथेच अटक. केस पुढे काढून घेतली, पण त्याने उलट दावा लावला तेव्हा २०१० मध्ये फेडरल अपील कोर्टाने सांगितलं की रात्रभर गन तुमच्या हाताशी होती, संरक्षण संपलं. तेव्हा गन घेऊन ईस्ट कोस्टला कनेक्टिंग फ्लाइट घेऊच नका, आणि अशी वेळ आलीच तर बॅग ताब्यात घेऊ नका, एअरलाईनकडेच राहू द्या.

एअरपोर्टवर विसरभोळे लोक किती आहेत बघा, टीएसएला, म्हणजे एअरपोर्टवर तपासणी करणाऱ्या सरकारी खात्याला, २०२४ मध्ये हँडबॅगेत ६,६७८ गन सापडल्या आणि त्यातल्या बहुतेक भरलेल्या. विसरलो हे उत्तर सगळेच देतात. दंड हजारो डॉलरमध्ये जातो आणि राज्याची फौजदारी केस वेगळी.

पोलिसाने थांबवलं तर

हात स्टिअरिंगवर, आतला दिवा लावा, हालचाल सांगून करा. काही राज्यांत गन आहे हे स्वतःहून सांगायची सक्ती आहे, काहींत विचारल्यावरच, तुमच्या राज्याचा नियम आधीच बघून ठेवा. गाडीतून उतरा म्हणाला तर उतरा, तो अधिकार त्याला आहे. पण गाडी बघू का असं विचारलं तर तो परवानगी मागतोय, आणि परवानगी नाकारायचा तुम्हाला हक्क आहे. शांतपणे म्हणायचं, आय डू नॉट कन्सेंट टू एनी सर्च. त्याने तरी झडती घेतली तर अडवायचं नाही, हात लावायचा नाही, वाद घालायचा नाही, ते सगळं पुढे कोर्टात वकील बघेल.

मग तोंड बंद. हे आपल्याला सगळ्यात अवघड जातं, कारण आपल्याला वाटतं समजावून सांगितलं की साहेबाला पटेल. नाही पटत, तो लिहून घेतो. गन माझ्या मित्राची आहे या एका वाक्यात तुम्ही मान्य केलंत की गन आहे हे तुम्हाला माहीत होतं, आणि ताब्याच्या केसमध्ये नेमकं हेच सरकारला सिद्ध करायचं असतं. नुसतं गप्प बसूनही भागत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये म्हटलंय की गप्प राहायचा हक्क वापरतोय हे तोंडाने सांगावं लागतं. म्हणून एकच वाक्य, आय विल रिमेन सायलेंट अँड आय वॉन्ट अ लॉयर. त्यानंतर क्रिकेटवरही गप्पा नकोत. जेलमधले फोन रेकॉर्ड होतात, मराठीत बोललात तरी भाषांतर करणारा मिळतो. आणि घरच्यांनी फोनमधले मेसेज किंवा फोटो डिलीट करायचे नाहीत, पुरावा नष्ट केल्याची दुसरी केस लागेल.

भारतीय पासपोर्ट असेल तर कॉन्सुलेटला कळवा असं म्हणायचा हक्क आहे, व्हिएन्ना करारात तो दिलेला आहे. कॉन्सुलेट केस लढत नाही, पण घरी निरोप आणि वकिलांची यादी एवढं तरी होतं.

वकील दोन लागतात

एक क्रिमिनलचा, त्याच काउंटीत रोज उभा राहणारा, आणि दुसरा इमिग्रेशनचा. पैसे नसतील तर पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारी खर्चाने बचावाचा वकील, मिळतो आणि तो वाईट असतो हा गैरसमज आहे, गनच्या केसेस त्यांनी खोऱ्याने लढलेल्या असतात. न्यू जर्सीत २०१७ पासून पैशाचा जामीन जवळजवळ बंद झालाय, एक तर अटी घालून सोडतात नाहीतर सरकारी वकील आत ठेवण्याचा अर्ज करतो आणि त्यावर सुनावणी होते, त्यामुळे नोकरी, घर, मुलांची शाळा, किती वर्षं इथे आहात याचे कागद घरच्यांनी पहिल्याच दिवशी वकिलाकडे पोचवावेत.

इमिग्रेशनचा वकील का, तर फायरआर्म बाळगल्याच्या गुन्ह्यात दोषी ठरलात की ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं, त्यासाठी कायद्यात वेगळं कलमच आहे, किती वर्षं झाली कार्ड मिळून हे बघत नाहीत. २०१० च्या पडिया निकालानंतर क्रिमिनलच्या वकिलाने हा धोका तुम्हाला सांगणं बंधनकारक आहे. तरी स्वतः विचारा. आणि इमिग्रेशनच्या डोळ्यांनी दोषी ठरणं याचा अर्थ वेगळा आहे, गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने काही ना काही शिक्षा किंवा बंधन घातलं की ते पुरतं, मग राज्याच्या कोर्टाने नंतर केस काढून टाकली तरी. म्हणून पीटीआय किंवा डायव्हर्जन असं गोड नाव ऐकून लगेच सही करू नका, आधी विचारा यात मला गुन्हा कबूल करावा लागतोय का. पुढे रेकॉर्ड एक्सपंज केलं, म्हणजे कोर्टाकडून पुसून घेतलं, तरी इमिग्रेशनला ते दिसतं, आणि सिटीझनशिपच्या फॉर्मवर सुटलेली अटकसुद्धा लिहावी लागते. ती कडू गोष्ट हीच, गव्हर्नरची माफी काही गुन्ह्यांत डिपोर्टेशनपासून वाचवते, पण फायरआर्मच्या कलमाला ती माफी लागूच होत नाही. फिलाडेल्फियाच्या त्या बाईच्या जागी ग्रीन कार्डवाला दोषी ठरून मग माफी घेऊन आला असता तर जेल टळली असती, पण डिपोर्टेशन टळलं नसतं.

बचाव कशावर उभा राहतो

पहिलं हत्यार झडतीचं. गाडी का थांबवली, किती वेळ थांबवून ठेवली, कुठल्या कारणाने आत बघितलं. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की ट्रॅफिकच्या कारणाने थांबवलं तर ते काम संपल्यावर ड्रग्ज हुंगणारा कुत्रा येईपर्यंत उगाच ताटकळत ठेवता येत नाही. २००९ चा एक निकाल आहे की माणसाला बेड्या घालून पोलिसांच्या गाडीत बसवल्यावर त्याच्या गाडीची झडती सरसकट घेता येत नाही. न्यू जर्सीत तर संमती मागायलासुद्धा पोलिसाकडे काहीतरी सबळ संशय हवा, आणि २०२१ पासून नुसता गांजाचा वास आला हे कारण पुरत नाही. झडती बेकायदा ठरली तर गन पुराव्यातून बाहेर आणि मग केसमध्ये फारसं काही उरत नाही. यासाठी बॉडी कॅमेरा, डॅशकॅम आणि पोलिसांच्या रेडिओचं रेकॉर्डिंग लगेच मागवायला सांगा, आणि तुमच्या गाडीत डॅशकॅम असेल तर त्याचं कार्ड वकिलाला द्या.

दुसरं, ताबा. गन अंगावर नव्हती, सीटखाली किंवा भाड्याच्या घराच्या कपाटात होती, तर सरकारला दाखवावं लागतं की ती तिथे आहे हे तुम्हाला माहीत होतं आणि ती ताब्यात ठेवायचा तुमचा इरादा होता. नुसतं जवळ असणं पुरत नाही. चार रूममेट, एक हॉल, एक कपाट, अशा केसेस इथेच ढिल्या पडतात. बोटांचे ठसे, डीएनए, कपाटात कोणाचे कपडे होते, गाडी कोणाच्या नावावर, रेंटल असेल तर आधी कोणी घेतली होती, हे सगळं उपयोगी. न्यूयॉर्कचं गाडीचं गृहीतकसुद्धा ज्युरीने मानलंच पाहिजे असं नाही, ते खोडता येतं.

तिसरं, सूट. न्यू जर्सीत स्वतःच्या घरात आणि स्वतःच्या धंद्याच्या जागेत परमिटशिवाय गन चालते, दुकानातून घरी आणताना, रेंजला नेताना आणि घर बदलतानाही, मात्र रिकामी, बंद केसमध्ये किंवा कुलूपबंद डिकीत, आणि वाटेत फक्त गरजेपुरतं थांबून. घर बदलण्याच्या सुटीवरून एक गाजलेली केस आहे, कोलोरॅडोतून न्यू जर्सीत आलेल्या तरुणाच्या डिकीत गन सापडल्या, तो म्हणत होता मी सामान हलवतोय, जज्जने ज्युरीला ती सूट सांगितलीच नाही आणि २०१० मध्ये त्याला ७ वर्षं दिली. त्याच डिसेंबरमध्ये गव्हर्नरने शिक्षा कमी करून बाहेर काढलं. यातून घ्यायचं ते हे की लीजची कागदं, मूव्हर्सची पावती, रेंजचं बुकिंग असलं काहीतरी सोबत ठेवा, नुसत्या तोंडी सांगण्यावर सूट मिळत नाही.

मग बारीकसारीक. न्यूयॉर्कमध्ये गन चालू स्थितीत होती हे सरकारला सिद्ध करावं लागतं, लॅबचा रिपोर्ट नीट वाचायला सांगा. गन सापडली आणि पोलिसांना द्यायलाच चाललो होतो हाही तिथे मान्य बचाव आहे, पण मग तिसऱ्या दिवशी गाडीतच कशी याचं उत्तर हवं. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२३ पासून लायसन्स नव्हतं हे सरकारने सिद्ध करायचं, आधी उलटं होतं. ब्रुएनचा आधार घेऊन कायदाच घटनेविरुद्ध आहे असा अर्ज हल्ली सगळेच वकील टाकतात, पहिल्या फटक्यात तो क्वचित चालतो, खासकरून परमिटचा अर्जच कधी केला नसेल तर, तरी अपिलासाठी मुद्दा नोंदवून ठेवतात ते बरोबरच आहे.

आणि खरं सांगायचं तर बऱ्याच केसेस वाटाघाटीत संपतात. न्यू जर्सीत पहिल्यांदाच सापडलेल्या माणसाला ग्रेव्ह्ज वेव्हर मागता येतो, सरकारी वकील तयार झाला तर ४२ महिन्यांच्या जागी एक वर्ष किंवा प्रोबेशनही (जेलऐवजी देखरेखीखाली बाहेर राहणं) होऊ शकतं. सिटीझनला ते सोन्यासारखं. ग्रीन कार्डवाल्याने मात्र तेच प्रोबेशन घेतलं तर इमिग्रेशन दारात, म्हणून त्याच्या वकिलाने शिक्षेच्या महिन्यांपेक्षा कलम कुठलं लागतंय यावर भांडायचं, गनचं नाव नसलेल्या दुसऱ्या कलमावर थोडी जास्त शिक्षा परवडली.

भारतात जाताना

हे शेवटचं, आणि हे रेंजवर जाणाऱ्या सिटीझन लोकांसाठी. रेंजला नेलेल्या सॅकच्या आतल्या चोरकप्प्यात एखादी गोळी राहते, अमेरिकेत कोणी बघत नाही, आणि मुंबई एअरपोर्टवर स्कॅनरमध्ये ती लखलखीत दिसते. तिथे १९५९ चा आर्म्स ॲक्ट, लायसन्सशिवाय काडतूसही गुन्हाच, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या बेकायदा ताब्यालाही २ ते ५ वर्षं आहेत. बचाव आहे आणि चांगला आहे. सुप्रीम कोर्टाने १९७२ च्या गुणवंतलाल केसमध्ये सांगितलंय की ताबा जाणीवपूर्वक हवा, माहीतच नव्हतं तर ताबा नाही. शिवाय कलम ४५ मध्ये ज्यांच्या जोडीचे भाग सोबत वापरायचे नाहीत अशा किरकोळ सुट्या भागांना सूट आहे, ती दाखवून एकट्या काडतुसाच्या एफआयआर हायकोर्टांनी रद्द केल्यात, दिल्लीने २०१२ मध्ये एका परदेशी प्रवाशाची केली, मुंबईतही झाल्यात. खटला चालवायला जिल्हाधिकाऱ्याची, मुंबईसारख्या शहरात पोलीस आयुक्ताची, मंजुरी लागते, ती आधी घेतली होती का हेही वकिलाला तपासायला सांगा. पण तोपर्यंत फ्लाइट गेलेली असते, जामीन, तारखा, पासपोर्टचं काय, अशात सुट्टी संपते. जबाब देताना रेंजची मेंबरशिप, गनचं अमेरिकेतलं कायदेशीर कागदपत्र आणि बॅग मुळात रेंजची आहे हे दाखवणारं काहीही फोनमध्ये असेल तर ते वकिलामार्फत द्या. आणि रेंजची सॅक वेगळीच ठेवा, त्यात चकल्या भरून इंडियाला नेऊ नका.